अभ्यासक्रम आणि चारित्र्याचे वळण

शाळेच्या वेळापत्रकात जसा गणिताचा तास असतो, भूगोलाचा असतो, तसा चारित्र्याचाही एक तास असावा की नसावा, हा वाद आपल्या देशात एकशेचाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. दर वीस-पंचवीस वर्षांनी एखादा आयोग किंवा समिती बसते, शाळांतून चारित्र्याची आबाळ होत असल्याबद्दल खेद व्यक्त करते आणि आठवड्यातून एक-दोन तास या कामी राखून ठेवावेत, अशी शिफारस करून उठते. शिफारस मान्य होते. काही वर्षे तो तास चालतोही. मग परीक्षा जवळ आली की गणिताचे शिक्षक तो मागून घेतात आणि कालांतराने तो होता हेही कोणाच्या लक्षात राहत नाही. पुढचा आयोग पुन्हा त्याच ठिकाणाहून प्रारंभ करतो.

या प्रश्नाचा ऊहापोह तत्त्वज्ञानाच्या उंचीवरून करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तेथून सारेच सोपे दिसते. सत्य, सेवा, अहिंसा यांना विरोध करणारा मनुष्य अद्याप कोणत्याही समितीपुढे आल्याचे आम्ही ऐकलेले नाही. यास्तव आम्ही एक गाव डोळ्यांपुढे ठेवून विचार करू इच्छितो. गोव्याच्या उत्तर टोकास, पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या उजव्या तीरावर चोपडे हे गाव आहे. (खानदेशातील चोपडा तो निराळा, त्याच्या शेजारच्या अमळनेरचे नाव मात्र पुढे येईल.) पैलतीरी शिवोली, आणि अलीकडे नावातच मिठागर वागवणारे आगरवाडे. आज नदीवर पूल आहे. पूल होण्यापूर्वी पैलतीर गाठायचा तर फेरीबोटीची वाट पाहावी लागे. पेडणे हा नव्या काबिजादीतला मुलूख; सावंतवाडीकर भोसल्यांच्या हातून तो १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, आणि तरीही येथील भाषेचा, भजनाचा व दशावताराचा ओढा तेरेखोलपलीकडेच राहिला. अशा गावातील प्राथमिक शाळेत बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला चारित्र्य शिकवायचे म्हणजे नेमके काय करायचे, एवढाच प्रश्न आम्ही हाती घेत आहोत.

प्रथम शब्दाकडे पाहू. ‘चारित्र्य’ हा शब्द आपण पुस्तकात वापरतो. घरात व गावात त्यासाठी जुना शब्द आहे तो ‘वळण’. अक्षराला वळण असते आणि मुलालाही वळण असते. एकाच शब्दाने मराठी माणसाने या दोन गोष्टी बांधून ठेवल्या, यात आमच्या मते त्याचा शिक्षणविषयक अनुभवच साठलेला आहे. गोव्यात गावोगावच्या शणैमामांच्या शाळांत आणि घाटमाथ्यावर पंतोजींच्या शाळांत मूल धूळपाटीवर अक्षर गिरवीत असे. अक्षर कसे असावे याचे व्याख्यान त्याला कोणी देत नसे. आधी कोणाचा तरी हात त्याच्या हातावर असे, मग समोर कित्ता असे, मग कित्ताही जाई आणि अक्षर तेवढे राही. सवय, नमुना आणि पाहणारा डोळा या तीन गोष्टींनी वळण लागते. आचरणाचेही तेच आहे. घेतलेली वस्तू परत ठेवणे, आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दुसऱ्याची पाटी फुटली तर ती आपल्या हातून फुटली असे सांगणे, ही सारी गिरवण्याची अक्षरे होत. त्यांचे पाठांतर करून भागत नाही.

परंतु वळण या शब्दाची दुसरी बाजूही आहे, आणि तिचा अनुभव गोमंतकीयांस चांगलाच आहे. वळण कोण लावतो आणि कशासाठी लावतो, हे न विचारता त्याची थोरवी गाणे धोक्याचे असते. सालाझारच्या राजवटीने पोर्तुगालमध्ये १९३५ साली घटनेत दुरुस्ती करून सरकारी शिक्षण ख्रिस्ती तत्त्वे व नीती यांस अनुसरून असावे असे ठरविले. १९३६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी गणवेषधारी युवक संघटना काढली. देव, पितृभूमी आणि कुटुंब ही त्या शिक्षणाची त्रिसूत्री होती. कागदावर या तिहींपैकी एकही गोष्ट वाईट म्हणता येणार नाही. त्यांची बेरीज मात्र आज्ञाधारकतेत होत होती. आणि पितृभूमी म्हणून गोव्यातील मुलाला सात समुद्रांपलीकडील एका देशाचे नाव घोकावे लागत होते. टी. बी. कुन्हा यांनी १९४४ साली ‘डीनॅशनलायझेशन ऑफ गोवन्स’ या पुस्तिकेत या शिक्षणाने गोमंतकीय मनाची काय दशा केली, याची जी कठोर मीमांसा केली, ती प्रत्येक अध्यापकाने वाचावी. चारित्र्यशिक्षणाच्या नावाखाली राज्यकर्त्यांना सोयीस्कर असा नम्रपणाच शिकविला जाऊ शकतो, हे त्या काळाने दाखवून दिले आहे. कोणत्याही काळातील राज्यकर्त्यांना हा मोह होऊ शकतो, हेही येथेच सांगून ठेवतो.

आता वादाच्या मुळाकडे वळू. १८८२ साली हंटर आयोग नेमला गेला. महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी सर्व धर्मांना मान्य होईल अशा स्वाभाविक धर्मतत्त्वांवर आधारलेले एक नीतिपाठांचे पुस्तक तयार करावे आणि प्राचार्याने किंवा एखाद्या अध्यापकाने मनुष्याची व नागरिकाची कर्तव्ये या विषयावर दर सत्रात व्याख्याने द्यावीत, अशी त्या आयोगाची शिफारस होती. आयोगाचे एक सभासद काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी या शिफारशीला आपली भिन्नमतपत्रिका जोडली. तेलंग हे गीतेचे भाषांतरकार, पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आणि मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. नीतीविषयी उदासीन असा हा मनुष्य खचित नव्हता. त्यांचे म्हणणे असे की, नीतीचे तयार पुस्तक हाती देऊन नीती येत नाही. ती विद्यार्थ्याच्या नेहमीच्या अभ्यासातून, संस्थेच्या शिस्तीतून आणि अध्यापकाच्या प्रत्यक्ष उदाहरणातून यावयाची असते. सरकारनेही पुढे ती शिफारस उचलून धरली नाही.

त्याच वर्षी त्याच आयोगापुढे जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. आपल्याकडे तेलंगांचे मत आणि फुल्यांचे निवेदन एकत्र ठेवून वाचण्याची पद्धत नाही, पण ती असावी. फुल्यांनी प्राथमिक शाळेचा जो अभ्यासक्रम सुचविला त्यात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल व व्याकरण यांचे सामान्य ज्ञान, शेतीची प्राथमिक माहिती आणि त्यांच्या जोडीला नैतिक कर्तव्ये व आरोग्य यांवरील थोडे पाठ, असा क्रम आहे. ‘थोडे पाठ’ हे शब्द लक्षात घ्यावेत. आणि नीती कोणत्या पंगतीत बसविली आहे तेही पाहावे. ती शेती आणि स्वच्छता यांच्या पंगतीत आहे. त्याहून महत्त्वाची त्यांची शिक्षकाविषयीची अपेक्षा: तो शेतकरी वर्गातून आलेला असावा, गावकऱ्यांत मिसळणारा असावा आणि प्रसंगी नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची त्याला लाज वाटू नये. श्रमप्रतिष्ठा या विषयावर भाषण देणारा शिक्षक फुल्यांना नको होता. नांगर धरणारा हवा होता.

तेलंग महाविद्यालयाविषयी बोलत होते, फुले गावच्या शाळेविषयी. एक पुस्तक नको म्हणतो, दुसरा थोडे पाठ चालतील म्हणतो. पण भार दोघांनीही शिक्षकावर टाकला आहे. यानंतरच्या आयोगांविषयी फारसे लिहिण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही. मुदलियार आयोगाने (१९५२-५३) चारित्र्याच्या शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले. त्या वेळचे मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांच्या अध्यक्षतेखाली १९५९ मध्ये नेमलेल्या समितीने दिवसाचा आरंभ काही मिनिटांच्या मौनाने करण्यास सांगितले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) आठवड्यातून एक-दोन तास राखून ठेवण्यास सांगितले. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये सांगितली. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात नैतिक विवेकाबरोबर संविधानिक मूल्यांचा उल्लेख आला. महाराष्ट्रातील शाळांत परिपाठाच्या वेळी सांगितली जाणारी दहा मूल्येही वाचकांस परिचित आहेत. त्यांत वैज्ञानिक दृष्टिकोन आणि स्त्री-पुरुष समानता यांच्या शेजारी वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणा आहेत. ही यादी करणाऱ्याने सोन्याबरोबर पितळही एकाच तराजूत घातले, अशी आमची तक्रार होती. पण विचारांती वाटते की लहान मुलाच्या हाती प्रथम पितळच येते, आणि ते वाईट नाही.

मूल्यांच्या याद्या मोठ्या होत गेल्या तरी त्यांचा आचरणाशी काय संबंध राहतो, याची परीक्षा अमेरिकेत हार्टशोर्न आणि मे या दोन संशोधकांनी १९२०-३० च्या दशकात केली होती. सुमारे अकरा हजार शाळकरी मुलांना त्यांनी अशा प्रसंगांत ठेवले की, खोटेपणा केला तर तो उघडकीस येणार नाही असे मुलांना वाटावे. त्यांचा निष्कर्ष १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो उपदेशकांना रुचणारा नव्हता. प्रामाणिक मूल आणि अप्रामाणिक मूल अशी दोन निराळी पोती नसतात. एकच मूल खेळात फसवते आणि परीक्षेत फसवत नाही, किंवा उलट. प्रामाणिकपणा चांगला, हे तोंडाने सांगता येण्याचा आणि त्याप्रमाणे वागण्याचा संबंध फारच क्षीण दिसला. उलट वर्ग बदलला, शिक्षक बदलला, शेजारी बसणारा बदलला की वागणे बदलत होते. जपानचा अनुभवही बोधप्रद आहे. तेथे ‘शूशिन’ नावाचा नीतिशिक्षणाचा विषय शाळेत अग्रस्थानी होता. सम्राटनिष्ठेचे तेच मुख्य साधन बनले, आणि युद्धात पराभव झाल्यावर १९४५ च्या डिसेंबरात तो विषय बंद करण्यात आला. १९५८ मध्ये नीतिशिक्षणाचा आठवड्याचा एक तास परत आला आणि २०१८ पासून प्राथमिक शाळांत त्याला पुन्हा विषयाचा दर्जा मिळाला. तास गेला आणि आला, तेथे वाद अद्याप मिटलेला नाही. जपानी मुले आपला वर्ग आपण झाडतात आणि दुपारचे जेवण आपण वाढतात, याचे कौतुक मात्र जगभर होते, आणि त्या गोष्टीसाठी पाठ्यपुस्तक लागत नाही.

साहित्याशी ज्यांचा संबंध आहे त्यांच्यासाठी हा प्रश्न येथे अधिक जवळ येतो. मराठीतील मुद्रित बालवाङ्मयाचा जन्मच नीतिबोधाच्या पोटी झाला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ आणि ‘इसापनीतिकथा’ ही पुस्तके सिद्ध केली, तेव्हापासून गोष्टीच्या शेवटी तात्पर्य जोडण्याची रीत आपल्या क्रमिक पुस्तकांत रुळली. कोल्हा-करकोचाची गोष्ट मुलाला आवडते. तात्पर्य आले की ते पान उलटते. पुढे अत्र्यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने भाषेच्या पुस्तकातला हा कोरडेपणा पुष्कळ घालविला, तरी परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत ‘या पाठावरून कोणता बोध मिळतो?’ हा प्रश्न आजही ठाण मांडून आहे. त्याचे उत्तर मुले मार्गदर्शकातून पाठ करतात. म्हणजे प्रामाणिकपणावरील प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याचे लिहून काढायचे आणि त्याला गुण मिळवायचे, असा व्यवहार चालतो! यातील विनोद कोणाच्या लक्षात येत नाही.

चारित्र्यशिक्षणाचे पुस्तक म्हणून मराठी घरात ज्याचे नाव पहिले निघते त्या ‘श्यामची आई’कडे या दृष्टीने पाहू. साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिले. या पुस्तकाचे दोन उपयोग होतात. एक असा की, त्यातील एखादा प्रसंग सांगून ‘आईचे ऐकावे’ असे फळ्यावर लिहायचे. दुसरा उपयोग कठीण आहे, आणि आमच्या मते तोच खरा. त्यात एक प्रसंग आहे. एका वृद्ध महार बाईची मोळी वाटेत पडली आहे. विटाळाच्या भयाने कोणी तिला हात लावीत नाही. आई श्यामला सांगते, की जाऊन ती मोळी उचलून तिच्या डोक्यावर दे, आणि मग येऊन स्नान कर. शिक्षक बहुधा मोळीपाशी थांबतो. आम्हांस वाटते, त्याने स्नानापाशी थांबावे. मोळी उचलावी हे आईला कळले. मग स्नान कशासाठी? हा प्रश्न वर्गातील एखादी मुलगी आपण होऊनच विचारील, शिक्षकाने तेवढी जागा ठेवली तर. उत्तर सोपे नाही. आई आपल्या काळाच्या कडेपर्यंत आली होती आणि तिने एक पाऊल त्या कडेबाहेर टाकले. दुसरे आतच राहिले. हे पाऊल पुढे कोणी उचलले? १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. ज्या मुलाला आईने स्नान करावयास सांगितले होते, त्याने मोठेपणी स्नानाचे कारणच काढून टाकले. वळण आईने लावले, आणि त्याच वळणाने तो आईच्या पुढे गेला. चारित्र्य म्हणजे केवळ घातलेल्या रेषेवरून चालणे असते, तर हे घडते ना.

हे गुरुजी १९२४ पासून सहा वर्षे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तेथील छात्रालयात ते मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांचे कपडे धूत, आणि त्यांच्यासाठी स्वहस्ते दैनिक लिहून काढीत. याच वर्षांत चोपड्याहून फार दूर नसलेल्या, तेरेखोलची खाडी ओलांडताच लागणाऱ्या शिरोड्याच्या शाळेत वि. स. खांडेकर शिकवीत होते. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे त्यांनी त्या खेड्यात काढली. पुण्या-मुंबईत लौकिक होऊनही ते त्या शाळेला चिकटून राहिले. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह शिरोड्याच्या मिठागरांवर आला, तेव्हा नागरिकशास्त्राचा धडा शाळेच्या दाराशीच उभा राहिला होता. त्याच मिठागरांचे सोयरेपण आगरवाड्याच्या मिठागरांशी आहे. मधली खाडी तेवढी दोन राज्यांची सीमा होती.

गोवा मुक्त झाल्यानंतर चारित्र्यशिक्षणाची पहिली पायरी शाळा हीच होती. १९६१ पूर्वी सरकारी प्राथमिक शाळा पोर्तुगीज भाषेच्या. मराठी शाळा बव्हंशी लोकांनी वर्गणी काढून, देवळाच्या मंडपात किंवा कोणाच्या ओसरीवर चालविलेल्या. पेडण्यातच जन्मलेले दयानंद बांदोडकर १९६३ मध्ये पहिले मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत वाड्यावाड्यांवर मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्या घरातील कोणी कधी पाटी पाहिली नव्हती तेथील मुलगी भाटकाराच्या मुलाशेजारी एका बाकावर बसली. समतेचा पाठ त्या बाकाने शिकविला. आज त्यांतील पुष्कळ शाळांची पटसंख्या घसरली आहे, कित्येक बंद झाल्या, उरलेल्यांत एका शिक्षकाला दोन-तीन वर्ग एकत्र घ्यावे लागतात. अशा वेळी पट टिकावा म्हणून एखादे नाव नुसते हजेरीपटावर राहू देण्याचा मोह कोणालाही पडेल. हेतू शुद्ध असतो. शाळा वाचावी हाच असतो. पण हजेरी घेताना जे नाव पुकारले जाते आणि ज्याला कोणी ‘हजर’ म्हणत नाही, ते वर्गातील प्रत्येक मुलाला ऐकू येते. तपासणीच्या दिवशी कोणाला पुढे बसवायचे आणि कोणाला मागे, हेही त्यांना कळते. वर्षभराच्या परिपाठाने जे दिले, ते असे एका सकाळी परत घेतले जाते.

शाळेबाहेर तर परीक्षा अधिकच कडक आहे. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यांवर पर्यटन वाढले. मोपाचे विमानतळ २०२२ च्या डिसेंबरात उद्घाटित होऊन २०२३ च्या जानेवारीत चालू झाले. आणि या तालुक्यातील भुईला पूर्वी कोणी स्वप्नात पाहिली नसेल अशी किंमत आली. भात पिकविणाऱ्यापेक्षा शेत विकणारा शहाणा ठरू लागला. मुलगा शाळेत श्रमप्रतिष्ठेचे वाक्य लिहितो आणि घरी येताना ते वाक्य खोटे पाडणारी चार घरे ओलांडतो. या मुलाला आपण ‘जमीन विकू नये’ असा उपदेश करावा काय? आमच्या मते करू नये. त्याच्या घरातील आजारपण, कर्ज, बहिणीचे लग्न यांचा हिशेब शिक्षकाला ठाऊक नसतो. पण आपल्या गावातील कोणती वस्तू एकट्याची आहे आणि कोणती सर्वांची, हे ओळखण्याची दृष्टी त्याला देता येईल. आणि त्यासाठी शापोऱ्याच्या काठासारखे पाठ्यपुस्तक नाही.

खाजन म्हणजे काय, ते गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे. भरतीचे खारे पाणी जेथे चढते अशा खाडीकाठच्या सखल जमिनीला मातीचे बांध घालून ती शेतीखाली आणायची, ही शतकानुशतकांची गोमंतकीय विद्या आहे. बांधात ठिकठिकाणी लाकडी झडपांचे दार असते, त्याला मानस म्हणतात. भरतीच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते. खारे पाणी आत येत नाही आणि पावसाचे साचलेले बाहेर जाते. अशा जमिनीत खारटपणा सोसणारे कोरगुट भात होते. त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. या साऱ्या रचनेचे मर्म असे की, बांध कोणा एकाच्या शेतापुरता नसतो. कोठेही एक भगदाड पडले की खारे पाणी सर्वांच्या कुणग्यांत शिरते, आणि एकदा शेत खारावले की पुढची काही पिके हातची जातात. म्हणून बांधाची डागडुजी सर्वांनी मिळून करण्याची रीत होती. मासळीच्या लोभाने गोव्यात काही ठिकाणी बांध मुद्दाम फोडले गेल्याच्या तक्रारी झाल्या आहेत, त्या याचसाठी गंभीर आहेत.

चौथीच्या मुलांना या बांधावर न्यावे. मानशीची झडप कोणत्या बाजूला उघडते ते त्यांनीच सांगावे. ती उलट बसविली तर काय होईल, हा विज्ञानाचा प्रश्न. बांधाची लांबी पावलांनी मोजावी, हे गणित. घरातील आजीला विचारून बांधावर पूर्वी कोण कोण कामाला जाई त्यांची नावे लिहून आणावी, ही भाषा. आणि त्या नावांत कोणाची जात, कोणाचे वाडे येतात, मजुरी कोणाला मिळे आणि भात कोणाच्या कोठारात जाई, हेही लपवू नये, कारण जुनी रीत सर्वस्वी न्यायाची होती असे सांगणे म्हणजे मुलांशी खोटे बोलणे होय. शेवटी एक प्रश्न ठेवावा: बांधाला लहानसे छिद्र पडलेले तुला दिसले, ते तुझ्या शेतापासून दूर आहे आणि तुला कोणी पाहिलेले नाही, तू काय करशील? उत्तराला गुण देऊ नयेत. मुले प्रथम ठरलेले उत्तर देतील. मग एखादा म्हणेल, ‘मी सांगितले तर मीच पाडले म्हणतील.’ हे वाक्य आले की पाठ सुरू झाला असे समजावे. सांगणाऱ्यावरच आळ येतो, हा त्या मुलाचा अनुभव खरा आहे. तो शाळेतलाच असण्याचा संभव अधिक. तेव्हा आपल्या वर्गात काही मोडले आणि कोणी येऊन सांगितले तर काय करायचे, याचा नियम मुलांनी व शिक्षकांनी मिळून तेथेच, बांधावर बसून ठरवावा, आणि तो शिक्षकालाही लागू असावा.

शिक्षक-प्रशिक्षणात या कामाची तयारी फारशी होत नाही. पाठाचे टाचण कसे काढावे ते शिकविले जाते. वर्गात चोरी झाली, कोणी कोणाला जातीवरून चिडविले, दुपारच्या आहाराच्या रांगेत मोठ्या मुलांनी लहानांना मागे ढकलले, तर पहिल्या पाच मिनिटांत काय बोलावे, हे ज्याचे त्याने शोधायचे असते. अकादमीसारख्या संस्थांनी अनुभवी शिक्षकांकडून असे खरे प्रसंग, नावे वगळून, लिहवून घ्यावेत आणि तात्पर्य न जोडता छापावेत. नीतीच्या आणखी एका वाचनमालेपेक्षा ते पुस्तक अधिक वाचले जाईल.

अडचण एकच आहे, आणि ती वेळापत्रकाची. शापोऱ्याची भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते. झडप मिटताना पाहायची तर हा तास दर सोमवारी तिसऱ्या घंटेला ठेवून चालणार नाही. मुख्याध्यापकांना भरती-ओहोटीचे कोष्टक जवळ ठेवून तो हलवावा लागेल, आणि त्या दिवशी गणिताच्या शिक्षकांनी आपला तास सोडावा लागेल.